बाण ओठांशी आला की सुटतोच

नमस्कार सर,

मी मूळची साताऱ्याची, वय ३९. नोकरीमुळे गेली काही वर्षं आम्ही टोकियोत, निशी-कासाईला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. स्वभावाने मी उतावळी. मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य तोडते. घरी मुलाचं गणित सुटायच्या आत माझी पेन्सिल त्याच्या वहीवर जाते. मन जरा ताळ्यावर यावं म्हणून दोन वर्षांपूर्वी क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकायला लागले. पहिलं वर्ष छान गेलं, शोदान ही पहिली पदवीही मिळाली. पण गेले सहा महिने एक विचित्र रोग जडलाय. धनुष्य ओढून बाण ओठांपाशी आला की तो सुटतोच. थांबायचं कितीही ठरवलं तरी सुटतो. इथे याला हायाके म्हणतात. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, मला निशाणावरून काढून पुन्हा गवताच्या गुंडाळीसमोर उभं केलंय, कारणही सांगत नाहीत. माझ्यामागून आलेल्या मुली पुढे गेल्या. नवरा विचारतो, "दोन वर्षं रविवार घालवलेस, बदललं काय?" मला वाटतं माझा स्वभावच तिथे उघडा पडतोय आणि तो काही जाणार नाही. सोडून द्यावं का?

ता. क. स्वतःचं बांबूचं धनुष्य घेतलं तर फरक पडेल का?

– एक वाचक, टोकियो

नमस्कार.

आधी हायाकेचं बोलू. पत्रातली बाकीची उदासी तिथूनच उगवलेली दिसते.

ज्यांनी क्यूदो पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हे धनुष्य माणसाहून उंच असतं, साधारण २२१ सेंटीमीटर. त्याची मूठ मधोमध नसते, तळापासून एक तृतीयांशाच्या आसपास असते. बाण लावून दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मग डावा निशाणाकडे आणि उजवा मागे असे उलगडत खाली आणायचे. बाण उजव्या गालाला टेकून ओठांच्या रेषेत येतो. इथे थांबायचं. पाहणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, पण आत छाती उघडत असते आणि दोन्ही हात अजूनही एकमेकांपासून लांब जात असतात. या थांबण्याला काई म्हणतात. हात बसलेल्या धनुर्धराची काई पाच-सहा सेकंद सहज टिकते. मग दोरी उजव्या हातातल्या कातडी हातमोज्याच्या अंगठ्यावरून निसटते आणि बाण २८ मीटरवरच्या निशाणाकडे जातो. निशाण केवढं, तर ३६ सेंटीमीटर व्यासाचं. हायाके जडली की ही मधली काईच नाहीशी होते. बाण ओठांशी पोचतो न पोचतो तोच गेलेला असतो, आणि सगळ्यात जास्त दचकतो तो सोडणारा.

तुम्ही याला स्वभाव म्हणता. मला ते मुळीच पटत नाही. गरीब गाईसारख्या शांत माणसांना हायाके जडलेली मी पाहिली आहे आणि तोंडाळ, तापट माणसांची काई ढिम्म न हलणारी पाहिली आहे. हा रोग जपानपुरताही नाही. ऑलिंपिकमध्ये दिसणारी धनुष्यं वापरणाऱ्यांनाही तो होतो, त्याला ते टार्गेट पॅनिक म्हणतात. त्यांच्या धनुष्यावर क्लिकर नावाची पत्र्याची एक बारीक पट्टी असते. बाणाचं टोक तिच्या मागे आलं की ती 'टक्' वाजते आणि तेव्हाच बाण सोडायचा असतो. बाण दर वेळी सारखाच ओढला जावा म्हणून ती असते, पण कधी सोडायचं हा निर्णय पट्टीवर सोपवून या पॅनिकला आवर घालणारेही पुष्कळ आहेत. क्यूदोत ना क्लिकर, ना नेम धरायची खूण. सगळं तुमच्याच अंगावर.

हे होतं कसं ते पाहा. पहिल्या वर्षी तुमचे बाण निशाणामागच्या वाळूच्या बांधात भलतीकडेच घुसत असणार. निशाण डोळ्यांना दिसायचं, पण त्याचं तुमच्या अंगठ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग बाण लागायला लागले. ताणलेल्या कागदावर बाण लागतो तेव्हाचा तो कोरडा आवाज, मागून आलेली 'योश्!' अशी आरोळी. हे दोन-चार वेळा झालं की शरीर हिशेब मांडतं: बाण आणि निशाण एका रेषेत आले, अंगठा सुटला, आवाज झाला. हा हिशेब तुम्हाला न विचारता पक्का होतो आणि मधला वेळ थोडाथोडा खाल्ला जातो. त्याला उतावळा स्वभाव लागत नाही, थोडं यश पुरतं. म्हणून तर पदवी हाती पडल्यावर तुम्हाला हे जडलं. आणखी एक शंका आहे. शोदान झाल्यावर पुष्कळ जण हौसेने जड, म्हणजे ओढायला जास्त जोर लागणारं, धनुष्य घेतात. तुम्ही घेतलंत का? पत्रात लिहिलेलं नाही. घेतलं असेल तर अर्धं कारण तिथेच आहे, कारण पेलवत नाही ते ओझं हात लवकर टाकणारच.

आपल्याकडे धनुर्विद्या म्हटलं की द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो. शाळेपासून हे इतकं ऐकलेलं असतं की मराठी माणूस दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, शिरतो तोच तो डोळा शोधत. हायाकेचं खाद्य नेमकं हेच आहे. त्या परीक्षेत युधिष्ठिर नापास झाला, कारण त्याला झाड दिसत होतं, भाऊ दिसत होते, गुरुजीसुद्धा दिसत होते. पुढचे काही महिने तुम्ही युधिष्ठिर व्हा. पायाचा तळवा जमिनीला कुठे लागलाय, डावं मनगट कसं आहे, शेजारची बाई श्वास कधी घेते, सगळं दिसू द्या. फक्त निशाण तेवढं नको. सेन्सेईंनी तुम्हाला गवताच्या गुंडाळीसमोर, माकिवारासमोर, उभं केलंय ते बहुतेक याचसाठी. दोन मीटरवर बाण चुकून चुकणार कुठे? तिथे लागण्याला किंमत नाही, म्हणून अंगठ्याला घाई करायचं कारण उरत नाही.

ही शिक्षा नव्हे. गाणं शिकणाऱ्या मुलीचा सूर हलायला लागला की गुरुजी ताना बंद करून तिला पुन्हा खर्जाला बसवतात, तिथे कुणी तिची इयत्ता उतरवत नाही.

क्योटोत मी नोकरीला होतो तेव्हा ज्या दोजोत जायचो, तिथे निवृत्त झालेले एक शाळामास्तर होते, पाचव्या दानाचे. पाचवा दान म्हणजे चांगलीच वरची पायरी. त्यांना या वयात हायाके जडली. एक अख्खा पावसाळा ते कोपऱ्यातल्या माकिवारापुढे उभे असलेले मला दिसायचे, हातात नवशिक्यांचं हलकं धनुष्य. शेजारी हायस्कूलची एक मुलगी, दप्तर भिंतीशी टेकवून. ती हळू आवाजात मोजायची, "इची... नी... सान..." आणि मग तिच्या मनाला येईल त्याप्रमाणे कधी 'सोडा' म्हणायची, कधी 'उतरवा'. 'उतरवा' म्हटलं की आजोबांच्या वयाचा तो माणूस ताणलेली दोरी इंच इंच करत परत आणायचा. उजवं कोपर थरथरायचं, मानेची शीर तट्ट फुगायची. कितीदा तर 'नी' म्हणायच्या आत बाण गवतात. मग तिच्याकडे वळून कमरेत वाकणं, बाण उपटणं, पुन्हा पाय फाकवून उभं राहणं. पलीकडे २८ मीटरच्या रांगेत त्यांचेच विद्यार्थी निशाण फोडत होते.

तुमच्या भाषेतला स्वभावातला बदल जपानमध्ये मी कुठे पाहिला असेल तर त्या कोपऱ्यात. आणि गैरसमज नको, गृहस्थ काही संत नव्हते. दाराशी सायकल आडवी लावणाऱ्यावर ते असे खेकसायचे की दोजोतली शांतता पार फाटून जायची. ते शेवटपर्यंत तसेच राहिले. पावसाळा सरला तेव्हा हायाकेही पुरती गेली नव्हती, कमी झाली होती. ती बहुतेक अशीच जाते. दोन आठवडे बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या.

आता तुम्ही काय करायचं ते. सेन्सेईंना सांगून धनुष्य दोन-तीन किलोंनी हलकं करून घ्या. माकिवारावर दर वेळी बाण सोडायचाच असा नियम ठेवू नका. पूर्ण ओढा, थांबा, परत आणा. दहातले निम्मे तरी परत यायला हवेत. सोडायचं की उतरवायचं ते दुसऱ्याला ठरवू द्या. ज्या क्षणी तुमचा अंगठा ठरवतो तोच क्षण तुम्हाला त्याच्याकडून काढून घ्यायचाय. हे जमलं की मग २८ मीटरवर, निशाण समोर ठेवून, ओढायचं आणि परत आणायचं. हे सर्वांत कठीण. काही जणांना अक्षरशः घाम फुटतो. मात्र बाण लावलेलं धनुष्य उतरवताना हात फसला तर बाण भलतीकडे जाईल, म्हणून हे सेन्सेई पाहत असतानाच करा. बाण न लावता दोरी सोडून पाहायचा मोह आवरा, धनुष्य जातं त्याने. वहीत किती लागले ते लिहीत असाल तर तो रकाना काही दिवस बंद करा. काई किती सेकंद टिकली ते लिहा, आणि तेही दुसऱ्याने मोजलेलं. हायाके जडलेल्याला स्वतःचा एक सेकंद चार सेकंदांइतका वाटतो.

घरी रबरी धनुष्य असेलच, नवशिक्यांना सरावाला देतात ती रबरी नळी बांधलेली आखूड काठी. बाण नाही, धोका नाही. ती घेऊन मुलापुढे उभ्या राहा आणि मोजायचं काम त्याला द्या. "सोड" आणि "उतरव" हे हुकूम त्याने द्यायचे, आईने मुकाट्याने पाळायचे. नऊ वर्षांच्या पोराला याहून मोठी चैन कोणती? तो तुम्हाला मुद्दाम ताटकळत ठेवेल, सातला सोड म्हणतो म्हणून अकरापर्यंत मोजेल. ठेवू दे. सेन्सेईंपेक्षा कडक शिक्षक मिळेल आणि रविवारखेरीजही सराव होईल.

तुमच्या दोजोच्या भिंतीवर राइकी-शागी हा उतारा लावलेला असेल, कदाचित सरावाआधी सगळे मिळून म्हणतही असाल. एका प्राचीन चिनी ग्रंथातून आलेला तो उतारा सांगतो की बाण सोडला आणि लागला नाही, तर आपल्याहून सरस ठरलेल्यावर राग धरू नये, वळून चूक आपल्यात शोधावी. तुमचं पत्र वाचताना वाटलं की तुम्ही यातलं दुसरं वाक्य फार जोरात ऐकलंय. 'आपल्यात' म्हणजे तुम्ही थेट जन्मस्वभावापर्यंत जाऊन पोचलात. अहो, इतकं खोल कशाला? आधी उजवं कोपर बघा. मोज्याच्या आत अंगठा वाकडा आहे का, डावा खांदा वर येतोय का, धनुष्य जड आहे का. चूक आपल्यातच असते, पण बहुतेकदा ती खांद्यापासून मनगटापर्यंत कुठेतरी असते आणि दुरुस्त होते. आणि पहिलं वाक्य, पुढे गेलेल्या मुलींबद्दलचं, तेही जरा ऐका की.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो तुमचाही प्रश्न आहे: या विद्येने माणूस खरंच बदलतो का?

आपोआप बदलत नाही. क्यूदो म्हणजे ध्यान, धनुष्य हातात घेतलं की मन शांत, ही कल्पना जगभर गेली ती मुख्यतः एका जर्मन तत्त्वज्ञाच्या लिखाणामुळे. ऑयगेन हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात सेंदाईच्या विद्यापीठात शिकवत होते आणि आवा केन्झो या गुरूंकडे धनुर्विद्या शिकत होते. पुढे १९४८ मध्ये त्यांचं छोटं पुस्तक आलं आणि 'बाण आपण सोडत नाही, तो सुटतो' वगैरे गोष्टी साऱ्या जगाला पाठ झाल्या. यामादा शोजी या जपानी अभ्यासकाने नंतर हे सगळं उकलून दाखवलं. आवांनी झेन या बौद्ध ध्यानपंथाची रीतसर साधना कधी केलेली नव्हती, हेरिगेलना जपानी बेताचंच येत होतं, मध्ये दुभाषा होता, आणि तो नसतानाचे काही प्रसंगही त्यांनी मोठ्या अर्थाने भरून लिहिले. अंधारात सोडलेल्या दुसऱ्या बाणाने पहिल्याला मागून चिरलं, ही त्यांची सर्वांत गाजलेली गोष्ट. आवा मात्र पुढे ती निव्वळ योगायोग होती असंच सांगायचे. इथवर ठीक, प्रवासी माणूस थोडं वाढवून सांगतोच. पण मायदेशी गेल्यावर हेच हेरिगेल १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले आणि महायुद्धाच्या शेवटी एर्लांगन विद्यापीठाचे प्रमुख होते. 'मी'पणा गळून पडतो असं लिहिणाऱ्या माणसाला योग्य वेळी नाही म्हणायचं बळ त्या धनुष्याने दिलं नाही. खुद्द जपानातही १९३०च्या दशकात शाळांतल्या युद्धकला सैन्याच्या दावणीला बांधल्या गेल्या. दोजोची फरशी पुसून, वाकून नमस्कार करून माणूस आपसूक चांगला होत असता तर हे झालं नसतं.

मग उपयोग काय? मला दिसतो तो एवढाच, आणि तो मला थोडका वाटत नाही. रोजच्या जगण्यात आपण घाई करतो ते आपल्याला कळत नाही, कारण घाईचं फळ बऱ्याचदा बरंच असतं. मीटिंग लवकर संपते, गणित सुटतं, ट्रेन मिळते. क्यूदोत घाई उघडी पडते आणि मोजताही येते. दीड सेकंद. काल सव्वा होतं. तुमच्या नोकरीत किंवा संसारात असा आकडा कुणी हातात देत नाही. पण तो आकडा दोजोत सुधारला म्हणून घरी सुधारेल, हा भरवसा मी देणार नाही. घरचं काम घरीच वेगळं करावं लागतं, आणि ते कंटाळवाणं असतं.

मीटिंगमध्ये 'काई धरायचा' प्रयत्न करत बसू नका, असले मोठे शब्द तिथे नुसते अंगावर येतात. समोर कागद ठेवा. बोलायची उबळ आली की मुद्दा दोन शब्दांत कागदावर टाका आणि समोरच्याचं वाक्य क्रियापदापर्यंत जाऊ द्या. जपानी वाक्य मराठीसारखंच आहे, हो की नाही हे अगदी शेपटीला कळतं. मध्येच तोडणाऱ्याने मुद्दा ऐकलेलाच नसतो, तुमच्या सहकाऱ्यांना हे फार खटकत असणार, बोलत नसतील एवढंच. आणि मुलाच्या अभ्यासाला बसताना पेन्सिल हातात घेऊच नका. टेबलाच्या पलीकडे बसा, वही उलटी दिसेल अशा. उलट्या वहीत गणित सोडवायला तुम्हालाच इतका वेळ लागेल की तोवर त्याचं झालेलं असेल.

राहिला नवरा. 'काय बदललं' असं त्यांनी विचारलं, पण मला वाक्यातला 'रविवार' हा शब्द जास्त ठळक दिसला. दोन वर्षं रविवारी सकाळी मुलाचं खाणं, आंघोळ, क्रिकेटचा सराव कोण बघतंय? ते बघत असतील तर त्यांना तुमच्या मनःशांतीचं प्रमाणपत्र नकोय, सुट्टी हवीय. दर दोन रविवारांआड एक सकाळ त्यांची करून टाका, दोजोला आठवड्यातली एखादी संध्याकाळ गाठता येते का पाहा. त्यानंतरही प्रश्न उरला तर तो त्यांनाच परत विचारा: तुम्हाला काय बदललेलं दिसतंय, काय नाही? मध्ये न बोलता ऐका. आपल्याला आतून वाटणाऱ्या बदलापेक्षा, शेजारी राहणाऱ्या माणसाला दिसलेला बदल जास्त खरा असतो, आणि तो बऱ्याचदा आपण ज्याची वाट पाहत होतो तो नसतो.

सेन्सेई कारण सांगत नाहीत ही तक्रार मला समजते. जपानी दोजोत 'का' हा प्रश्न फारसा रुजलेला नाही, पण 'कसं' चालतं. सराव संपल्यावर, सगळे माकिवारा झाकत असतील आणि वाळूचा बांध ओला करत असतील तेव्हा, फडकं हातात घेऊन जवळ जा आणि अगदी बारीक काहीतरी विचारा. "शेवटच्या बाणाला माझं उजवं कोपर कुठे होतं?" एवढंच. ते तुमच्या मागे उभे राहून दोन बोटांनी कोपर धरून दाखवतील, आणि त्यात तुमच्या 'का'चं उत्तरही बरंचसं असेल. तुम्ही विचारलंत तरी ते तोडून टाकत असतील, किंवा चारचौघांत तुमचा पाणउतारा करत असतील, तर गोष्ट वेगळी. टोकियोत दोजोंची वाण नाही, दुसरा शोधा.

सोडून द्यावं का, याचं उत्तर मी आज देणार नाही, तुम्हीही ठरवू नका. हायाकेच्या भरात सोडलेलं क्यूदो मनात अडकून राहतं. हलकं धनुष्य, माकिवारा आणि मुलाची मोजणी, असे तीन-चार महिने जाऊ द्या. त्यानंतर काई तीन सेकंदांवर आलेली असो वा नसो, स्वतःला एक गोष्ट विचारा. पावसामुळे सराव रद्द झाल्याचा मेसेज आला की तुम्हाला काय वाटतं? चुटपुट लागत असेल तर राहा. 'सुटले बाई' असं दर वेळी वाटत असेल तर निघा, आणि ताठ मानेने निघा. सेन्सेईंना भेटून, आभार मानून, पेढ्यांचा नाही तर निदान सेंबेईचा, तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा, डबा देऊन. दोन वर्षं उभं राहायला शिकलात ते कुणी काढून घेत नाही. खांदा किंवा मनगट रात्री ठणकत असेल, तर मात्र एवढी वाट पाहू नका, आधी डॉक्टर.

ध्यानाचं एखादं अ‍ॅप त्याऐवजी बरं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण असं पत्र लिहिणारे बरेच जण तेही विचारतात म्हणून सांगतो: जरूर करा, दोन्हींचं भांडण नाही. अ‍ॅप तुम्हाला कधीही माकिवारापुढे परत पाठवत नाही, एवढाच त्याचा दोष.

आता ता. क. बांबूचं धनुष्य सध्या घेऊ नका. एक तर तुमच्या धनुष्याचं वजन आता खाली येणार आहे, मग पुन्हा वर जाईल, मधल्या काळात घेतलेलं धनुष्य कोपऱ्यात पडेल. दुसरं म्हणजे बांबूच्या धनुष्याला लहान मुलासारखं सांभाळावं लागतं. दोरी काढल्यावर ते उलट्या बाजूला वळतं, हवामान बदललं की आकार बदलतो, कधी ओढायचं आणि कधी विश्रांती द्यायची हे कळायला हात तयार असावा लागतो. दोजोतलं फायबरग्लासचं उसनं धनुष्य पुरेसं आहे, आणि हलकं-जड बदलून मागायला तेच सोयीचं. खर्चच करायचा असेल तर मोज्यावर करा. उसना मोजा दुसऱ्याच्या अंगठ्याच्या मापाने बसलेला असतो, आतमध्ये अंगठा हलत राहतो आणि दोरी लवकर निसटायला तेही एक निमित्त होतं. दुकानात जाताना सेन्सेईंना विचारून जा, शक्य असेल तर दोजोतल्या एखाद्या जुन्या बाईंना बरोबर न्या. आत घालायचा पातळ सुती मोजा चढवूनच माप द्या, नुसत्या हाताने दिलेलं माप पुढे घट्ट होतं.